तिसरी उचल

होळी व्हायच्या आधीच टेकडीवरचा नळ बंद पडला. गेल्या साली पावसाने दगा दिला होता, पालिकेने पाणी कापलं होतं, आणि उरलेल्या पाण्यात टेकडी चढायची ताकद नव्हती. नळ फिरवला की आतून नुसता वारा फुसफुसायचा. जोगेश्वरीच्या गुंफेच्या वरच्या अंगाला राहणारी चाळीसएक बिऱ्हाडं मग खालच्या रस्त्यावरच्या नळावर जाऊ लागली. पाणी सकाळी पाच ते साडेसहा. मध्ये एकशे चौदा पायऱ्या, एकीची उंची दुसरीला नाही.

गुणाजी परबाच्या घरचं पाणी शकू भरायची. हंडा डोक्यावर, कळशी कमरेवर, पाच खेपा. दुसरं कोण भरणार? तिच्या आईचं, सुगंधाचं, दिवाळीत पोटाचं ऑपरेशन झालेलं. ताटापेक्षा जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि गुणाजी बाप्या माणूस. टेकडीवरचा कुठलाच बाप्या नळावर जात नव्हता.

एकोणीस वर्षांची शकू पाणी भरून साकीनाक्याला एका कारखान्यात कॉइल गुंडाळायला जायची. संध्याकाळी परत आली की चहा घेऊन बापाच्या मागे व्यायामशाळेत.

गुणाजी त्याच साकीनाक्याला लेथवर टर्नर होता. संध्याकाळी व्यायामशाळेत पोरांना वजन उचलायला शिकवायचा, त्याला पंधरा वर्षं झाली होती. मानधन वगैरे काही नाही. त्याला स्वस्थ बसता यायचं नाही एवढंच. घरी जेवताना त्याचा गुडघा हलायचा, बसस्टॉपवर उभा असला तरी टाचांवर वरखाली व्हायचा. सुगंधा म्हणायची, "तुमच्या अंगात देवान मुंगळे सोडले हत."

मुलुंडच्या एका व्यायाम मंडळाने मुलींसाठी डेडलिफ्टची, म्हणजे जमिनीवरचा रॉड मांड्यांपर्यंत उचलून ताठ उभं राहायची, स्पर्धा ठेवलीय, हे कळलं तेव्हा शकू वर्षभर रॉड उचलत होती. मुलींची अशी स्पर्धा इकडे पहिल्यांदाच होती. मे महिन्यातला दुसरा रविवार. बावन्न किलोच्या गटात पहिल्या दोघी जिल्ह्याच्या संघात जाणार होत्या. गुणाजीने कॅलेंडरवर गोल केला आणि त्याच संध्याकाळी रॉडला दोन प्लेटा जास्त लावल्या.

"बाबा, ऐंशी अजून नीट येत नाही," शकू म्हणाली.

"येईल. उचल."

तिने पाय रॉडखाली सरकवले, वाकली, धरलं. रॉड सुटला, पण वाकडा. डावी बाजू आधी वर, उजवी मागून. कंबर डावीकडे सरकली. वर जाईस्तोवर तिचा चेहरा लालबुंद झाला आणि रॉड दाणकन खाली आला.

"कितीदा सांगितलं, दोन्ही पाय सारखे दाब! ओढू नकोस. जमीन ढकल खाली. परत."

परतही तसंच. त्याने तिला रॉड नडगीला लावून उभं केलं, खांदे दाबले, पोटात श्वास भरायला लावला. रॉड सुटेपर्यंत सगळं बिनचूक. सुटला की डावी कंबर बाहेर. गुणाजी चिडायचा. चिडला की अजून वजन लावायचा, जणू जास्त वजनाने ती घाबरून सरळ होईल. पंचवीस मार्चला नव्वद लावले. शकूने ते गुडघ्यापर्यंत आणले आणि टाकून दिले. कमरेच्या डाव्या बाजूला हात लावून ती खाली बसली.

घरी सुगंधाने तिला पालथं झोपवून तेल लावलं. अंगठा फिरला तशी शकू ओरडली. सुगंधा नवऱ्याकडे न बघताच बोलली, "पाणी तरी सोडा, नायतर लोखांड तरी सोडा. दोनय एका पोरीच्या पाठीवर कशी घालतास?"

"तीन आठवडे तिला आराम पायजे. पाण्याचा," गुणाजी म्हणाला.

"मग पाणी कोण भरतला? मिया?"

गुणाजीचा गुडघा हलत होता तो थांबला. "तू गप रव. मी भरतंय."

शकूने उशीतून तोंड वर काढलं. "बाबा, तुम्ही नळावर?"

"मग काय झालं? तीस वर्षं वजनं उचलतोय मी."

दुसऱ्या दिवशी दोन बादल्या घेऊन तो खाली उतरला. रांगेत बावीस बायका होत्या. त्याला बघून बोलणं बंद झालं, आणि मग रांगेच्या तोंडाला उभ्या असलेल्या नलिनीने तोंड उघडलं. नलिनी शेजारच्याच खोलीतली. नळावर कोण कुठे उभं राहणार ते तीच ठरवायची.

"काय ओ पैलवान, वाट चुकलात?"

"पाणी भरायला आलोय."

"शकू आजारी?"

"नाही. तिला आराम सांगितलाय."

"कुणी?"

"मी."

"मग आम्हाला पण सांगा ना आराम!"

सगळी रांग हसली. गुणाजीने मान खाली घातली आणि शेवटी जाऊन उभा राहिला. नंबर लागला, बादल्या भरल्या. पाठ ताठ ठेवून, पायांवर जोर देऊन त्याने त्या अशा उचलल्या की व्यायामशाळेतल्या पोरांनी बघत राहावं. पण विसाव्या पायरीपासून बादल्या गुडघ्यांवर आदळायला लागल्या. पायरी अरुंद, बादली रुंद. लेंगा भिजला, चप्पल सटकायला लागली, मागच्या बायकांना त्याच्यामुळे खोळंबावं लागलं. घरी पोचला तेव्हा दोन बादल्यांत मिळून एका बादलीचं पाणी होतं. तीन खेपांत पाणी गेलं. पिंप अर्धंच राहिलं आणि त्या दिवशी सुगंधाने भाताच्या पेजेतच भांडी विसळली.

तिसऱ्या दिवशी नलिनीला राहवलं नाही. "बादल्या सपाट रस्त्याला, भावजी. पायऱ्यांना कळशी लागते. आणि खांद्यावर हंडा घ्या, डोक्यावर तुम्हाला जमायचं नाही."

त्याने ऐकलं. खांद्यावर हंडा, कमरेवर कळशी. पण पुरुषाच्या कमरेवर कळशी बसते कुठे? ती घसरायची. ती टेकायला कंबर डावीकडे काढावी लागायची, डाव्या पायावर भार घ्यावा लागायचा आणि तशा वाकड्या अंगाने एकशे चौदा पायऱ्या चढाव्या लागायच्या. चार खेपा झाल्या की कमरेची डावी बाजू दगडासारखी व्हायची. लेथवर उभा राहिला तरी ती सुटायची नाही. बाजूच्या मशीनवरचा माणूस म्हणालाही, "गुणाजी, असा वाकडा का उभा? मूळव्याध झाली काय?"

नवव्या दिवशी तो शेवटची खेप घेऊन वर येत होता. पुढे सहा-सात बायका चढत होत्या. उजाडलं होतं. पाठमोऱ्या त्या सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या, सगळ्यांची डावी कंबर बाहेर. वर दारात शकू दात घासत उभी होती. हातात कळशी नाही, डोक्यावर हंडा नाही. तरी ती तशीच उभी होती. डाव्या पायावर भार, डावी कंबर बाहेर.

गुणाजी पायरीवरच थांबला. मागून नलिनी ओरडली, "चला ओ!"

ही पोर दहा वर्षांची असल्यापासून पाणी भरत होती, आधी टेकडीवरच्या नळावरून, आता खालून. कळशी सुटली तरी कंबर सुटली नव्हती. आणि तीन महिने तो तिला पाय दाब, पाय दाब म्हणून शिव्या देत होता.

त्या संध्याकाळी व्यायामशाळेत त्याने तुळईला दोरा बांधला, त्याच्या टोकाला कारखान्यातला एक जड नट. ओळंबा खडूने मारलेल्या रेघेवर बरोबर मधोमध आला. शकूला त्याच्या मागे उभं केलं.

"दोन्ही पायांवर उभी राहा."

"राहिलेय."

"आता खाली बघ." दोरा तिच्या बेंबीच्या चार बोटं उजवीकडे लोंबत होता. "सरळ हो."

ती सरळ झाली आणि तिचा तोल गेल्यासारखा झाला. "बाबा, मी वाकडी वाटतेय अशी."

"वाटू दे."

त्याने रॉडवरच्या सगळ्या प्लेटा काढल्या. नुसता वीस किलोचा रॉड. दोरा मध्ये ठेवून दहा वेळा उचल, दहा वेळा ठेव. मग पंधरा किलोची प्लेट उजव्या हातात धरून व्यायामशाळेच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाल. डावा हात मोकळा. तीस फेऱ्या. खांदा पडला की फेरी धरायची नाही.

स्पर्धेला पाच आठवडे उरले होते. पहिले दोन आठवडे तो चाळीसच्या वर गेला नाही. व्यायामशाळेत जोरात बोलणारा भीमराज आरशासमोर दंड फुगवता फुगवता म्हणाला, "गुणाजीकाका, पोरीला कपडे वाळत घालायला शिकवताय काय? मुलुंडवाली शंभर उचलते म्हणे!"

पोरं हसली. गुणाजीचे हात शिवशिवले. प्लेटांच्या थप्पीकडे तो दोन पावलं गेलाही. वीस-वीसच्या दोन लावल्या असत्या तर भीमराजचं तोंड बंद झालं असतं. तो थप्पीपासून परत आला, खिशात हात कोंबले आणि शकूला म्हणाला, "एकवीस. फेरी एकवीस."

शकू त्याच्यापेक्षा जास्त उतावळी झाली होती. "बाबा, नुसतं चालून कोण जिंकतं का?"

"चाल."

"दुखायचं थांबलंय. साठ तरी लावा ना."

"सोमवारी."

सोमवारी त्याने साठ लावले. रॉड जमिनीवरून सुटला तो दोन्ही बाजूंनी एकदम, पाण्यातून परात वर यावी तसा. शकूने वर जाऊन बापाकडे बघितलं. त्याने फक्त बोटाने खाली ठेव म्हणून खूण केली. पण घरी जाताना तो पायऱ्या दोन-दोन चढला.

नळावर तो रोज जातच होता. आता त्याला रांगेत जागा होती, नलिनीच्या मागे तिसरी. भांडणात त्याला साक्षीला बोलवायच्या. एकदा नळाचा चाप तुटला तर त्याने लेथवर नवा करून आणला. तो कळशी आता एका खेपेला डाव्या आणि पुढच्या खेपेला उजव्या कमरेवर घ्यायला लागला होता आणि बायकांनाही तेच सांगायचा. बायका म्हणायच्या, "गप बसा."

सत्तर, ऐंशी, नव्वद. एप्रिल संपला तेव्हा पत्र्याखालची व्यायामशाळा भट्टीसारखी तापायची. शकूच्या नडग्या रॉडने सोलून निघाल्या होत्या. सुगंधा त्यांना हळद लावायची. स्पर्धेला नऊ दिवस असताना शकूने शंभर उचलले, मग एकशे पाच. एकशे पाच जरा हळू आले, पण सरळ आले.

"एकशे साडेसात लावा," ती म्हणाली.

"आज बस."

"एकदाच."

"ते मुलुंडला," गुणाजी म्हणाला. तिने त्याच्याकडे बघून मान हलवली. तो शब्दच झाला दोघांमध्ये.

मुलुंडचा हॉल मोठा, पंखे मोठे, आणि खुर्च्यांवर बसलेली माणसं इस्त्रीच्या कपड्यांतली. शकू कारखान्यातल्या मैत्रिणीचे बूट घालून आली होती. बोटाला कापूस कोंबलेला. बावन्न किलोत सहा मुली होत्या, पण खेळ तिघींचाच होता. मुलुंडची मृणालिनी, उंच, शांत, वडील वकील. भांडुपची एक बुटकी, जिने रॉडला हात लावायच्या आधी जमिनीला नमस्कार केला. आणि शकू.

प्रत्येकीला तीन उचली. पुढच्या उचलीचं वजन चिठ्ठीवर लिहून टेबलावर द्यायचं. पहिल्या फेरीत शकूने नव्वद घेतले. दुसऱ्या फेरीत शंभर. तिन्ही पंचांनी पांढरे झेंडे वर केले. भांडुपवालीचेही शंभर झाले, आणि ती अंगाने हलकी म्हणून ती पुढे. मृणालिनीचे एकशे पाच.

शकू येऊन बाकावर बसली. घाम नाकावरून टपकत होता, पण श्वास लागला नव्हता. "एकशे साडेसात," ती म्हणाली. "शंभर काहीच वाटले नाहीत बाबा. लिहा."

"लिहितो," गुणाजी म्हणाला.

बाकापासून टेबल वीस पावलांवर. चालता चालता त्याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. एकशे साडेसात आले तर मृणालिनीच्याही पुढे. नाही आले तर तिसरी, आणि संघ गेला. एकशे अडीच आले तर भांडुपवालीच्या पुढे; तिने शंभरच कसेबसे उचलले होते, म्हणजे निदान दुसरी. एकशे अडीच येणारच. आयुष्यभर ज्याने दोन प्लेटा जास्त लावल्या, त्याच्या डोळ्यांसमोर मार्चमधली ती संध्याकाळ आली. कमरेवर हात ठेवून खाली बसलेली पोर. टेबलावरचा माणूस म्हणाला, "लवकर काका, वेळ संपतोय." गुणाजीने लिहिलं. पेन ठेवलं. परत फिरला आणि शकूच्या नजरेला नजर न देता तिच्या हातांना खडूची पूड चोळायला लागला.

"परब, जोगेश्वरी," माईक बोलला. "एकशे दोन पूर्णांक पाच."

शकूने हात काढून घेतले. "चुकून बोलला ना?"

गुणाजीने खडूची डबी बंद केली.

"बाबा, तुम्ही हो म्हणालात."

"जा. वेळ सुरू झालाय. श्वास भर."

ती गेली. तिने रॉड धरला आणि उभी राहिली. उचललं असं वाटलंच नाही. रॉड जणू आपणहून आला. सरळ, सारखा, कुठे अडखळणं नाही. पंचाने हात खाली केला, "डाउन!" शकूने ठेवलं नाही. एकशे अडीच किलो मांड्यांपुढे धरून ती उभी राहिली आणि बापाकडे बघत राहिली. हॉलमध्ये कुजबुज झाली. पंच पुन्हा म्हणाला, "डाउन." ती बघतच होती. गुणाजीला वाटलं आता हिचे हात तुटतील. मग ती हळूहळू वाकली आणि रॉड असा ठेवला की प्लेटांचा आवाजही झाला नाही. तीन पांढरे झेंडे.

भांडुपवालीने एकशे पाच घेतले, गुडघ्यावर अडकले. मृणालिनीने एकशे दहा घेतले, जमिनीवरून हललेच नाहीत. मृणालिनी एकशे पाचवर पहिली, शकू दुसरी. मृणालिनीनेच येऊन शकूचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तू अजून खूप उचलली असतीस गं."

"हो," शकू म्हणाली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. गुणाजी बाजूला बसला, उठला, दांडी धरून उभा राहिला, परत बसला. "संघात तर आलीस," तो म्हणाला. तिने खिडकी वर सरकवली. ती चिडून रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती बाहेर बघत होती, दोन्ही हात मांडीवर उताणे, तळव्यांवरचे फोड फुटलेले.

टेकडीवर बातमी आधीच चढली होती. दारात नलिनी आणि चार-पाच बायका, आणि व्यायामशाळेतून भीमराजही आलेला. सुगंधाने शकूवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. "दुसरी इली माझी पोर!"

"पहिली यायला पाहिजे होती," भीमराज म्हणाला. "एकशे पाच तर ही इथे मारत होती. पंच मुलुंडचे, पोरगी मुलुंडची. घोळ घातला असणार. काय गुणाजीकाका?"

"असतलोच," सुगंधा म्हणाली. "वकिलाची पोर ती."

शकू उंबऱ्यावर बसून बूट सोडत होती. नाडीवरची तिची बोटं थांबली.

गुणाजीने सगळ्यांकडे बघितलं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. उद्या नळावर, परवा व्यायामशाळेत, सगळ्या टेकडीने तेच म्हटलं असतं आणि त्याच्या पोरीवर अन्याय झाला म्हणून त्यालाच चहा पाजला असता.

"नाही," तो म्हणाला. "पंच सरळ होते. शकूने मला एकशे साडेसात सांगितले होते. मी तिला हो म्हणालो आणि टेबलावर जाऊन एकशे अडीच लिहिले."

"का पण?" नलिनीने विचारलं.

"छाती झाली नाही माझी."

कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला सोपं गेलं असतं. भीमराज आपले दंड चोळत जमिनीकडे बघू लागला. सुगंधा नवऱ्याकडे पहिल्यांदाच बघत असल्यासारखी बघत राहिली. बायका एकेक करून पदर सावरत निघाल्या.

शकूने बूट काढला, आतला कापूस काढून बाजूला ठेवला. "जिल्ह्याची स्पर्धा जूनमध्ये आहे," ती म्हणाली. बसमध्ये बसल्यापासूनचं तिचं पहिलंच बोलणं. "चिठ्ठी मी भरणार."

"भर."

"आणि तुम्ही टेबलाजवळ यायचं नाही."

"नाही येणार."

"खरंच ना? हो म्हणून मग..."

"शकू," गुणाजी म्हणाला. तो तसाच उभा राहिला, हात दोन्ही बाजूला सोडून.

तिने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग दुसरा बूट ओढला. "आये, भूक लागलीय मला. दोघांनी सकाळपासून काही खाल्लं नाही."

"हात धुवा," सुगंधा आतून म्हणाली. "वाढतंय."